नदी आमच्याकडं, शिक्का तुमच्याकडं

श्री खंडोबा प्रसन्न
पोळ्याची कर, फसली १३५२

गंगाभागीरथी धुरपताबाईस,

तुझी थोरली जाऊ कोंडाबाई हिचा आशीर्वाद. इकडं समदे खुशाल हायत. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. कापूस गुडघ्याला लागलाय. नात माझ्याजवळ बसून हसायली, म्हणती, आजे, तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेवानी हाय. म्हणलं, मुंग्या बी घरीच पोचत्यात.

काल बैल कुठं धुतले म्हणून सांगू? नदीच्या वळणावर. आपल्या गायरानात. अख्ख्या गावाचे बैल तिथं उतरले अन् लिंबाजी धनगराची मेंढरं मधी मधी. बैलाच्या शिंगाचा हिंगूळ एका मेंढीला लागला, ती तांबडी टिकली घेऊन दिवसभर मिरवायली. गायरान आपण जिंकलं, धुरपते.

चंद्रभान तुझी गोधडी माझ्या वट्यावर टाकून उलट्या पावली गाडी गाठायला पळाला. बस म्हणलं तर बसला न्हाई, चहा बी अर्धाच पिला. रेल्वेत लागल्यापास्नं तुझं पोरगं शिट्टीवरच चालतंय. म्हणून पुढचं तुला मालूम नसंल.

नदीपल्याडच्या माणिकरावानं वळणात नांगर घातला, हे तर तू ऐकलंच असशील. म्हणायचा, नदी सरकली, जमीन माझ्या बाजूला आली. लिंबाजीला मेंढरासकट हाकललं. गाव कचेरीत गेलं, तर तहसीलदारसाहेब म्हणले, जुना दस्तऐवज दाखवा. झालं, समदे माझ्या दाराशी. पणजसासऱ्याचा कापडावरचा नकाशा आपल्याच घरात ना.

आपल्या घरात म्हणजे कसा, ते तुला अन् मला ठावं. वाटणीत जातं तुला आलं, उखळ मला. घागरी वाटल्या, बैल वाटले. राहिला नकाशा. एकाला दिला तर दुसऱ्याचं तोंड वाकडं, म्हणून पंचांनी कातर मागवली. कापडच हाय, म्हणले, निम्मं निम्मं करा. एक टोक आमच्या ह्यांनी धरलं, दुसरं भाऊजींनी. दोघं बी आपापल्याकडं वढायले अन् नकाशातल्या बाभळीपाशी कातर घसरली. नदी आमच्याकडं आली, शिक्का तुमच्याकडं गेला. त्या दिवसापास्नं बोलणं बंद. भाऊ दोघं बी गेले, तरी आपण ते बंदच ठेवलं, जसा काय घरचा नेम हाय.

माझ्या तुकड्यात मी देवाचे टाक गुंडाळून ठेवले व्हते. ते सोडवून कचेरीत नेला. पेशकारानं उलटापालटा करून बघितला. म्हणला, नदी तर हाय, शिक्का कुठंय? बिनशिक्क्याचं हे फडकंच.

गाव म्हणलं, पूर्णेला धाकटीकडं सांगावा धाडा. मी म्हणलं, थोरलीनं आधी बोलायची रीत न्हाई. लिंबाजी वट्याखाली बसला व्हता. तो म्हणला, "मावशे, मेंढरं रुसव्यावर जगत न्हाईत." मी आत गेले अन् दार लावलं. तोच गपचूप पूर्णेला येऊन गेला, हे मला मागून कळलं.

तर गोधडी आली. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. चाचपून बघते तर एक कोपरा कडक. टाके उसवले. आत अस्तराला शिक्का! मी देव गुंडाळले, तू लेकरं गुंडाळली. शाई जाईल म्हणून तू ती गोधडी कधी धुतली न्हाईस, ते वासावरनंच कळलं. वास घेऊन जरा वेळ तिथंच बसले. धूर डोळ्यात गेला व्हता.

फैसल्याच्या दिवशी माणिकरावाचा वकील लय बोलला. दोन फडकी येगळी येगळी हायत, म्हातारीनं परवा जमवली, म्हणला. साहेब म्हणले, मेजावर मांडा. मी मांडली. बाभळीचा निम्मा बुंधा तुझ्याकडं, निम्मा माझ्याकडं. अन् कातर घसरली ना, तिथं तुझ्या तुकड्याचं टोक माझ्या खाचेत जाऊन बसलं. कुलपात किल्ली बसावी तसं. धाग्याला धागा लागला.

साहेबांनी इचारलं, कापलंय एवढं वाकडं कसं? मी म्हणलं, "साहेब, दोघं भाऊ वढायले व्हते."

कचेरी हसली. साहेब मिशीवर हात ठेवून हसले अन् वकिलाला म्हणले, "असं भांडण नक्कल करून दाखवा बघू."

गायरान गावाचं, नांगर उचला, असा फैसला झाला. माणिकराव मागच्या दारानं गेला. आमी पुढच्या दारानं निघालो, हलगी लावून. लिंबाजी तर एक कोकरू खांद्यावर घेऊनच आला व्हता, जसं काय त्याची बी साक्ष हाय. ज्या वढाताणीनं आपलं घर फोडलं, तिनंच वळण राखलं. दोघं भाऊ आज पायजे व्हते.

तुकडे परत मिळाले तसे मी कचेरीच्या वट्यावरच सुई काढली अन् गोधडीच्या टाक्यानं जोडून टाकले. आता पंच इचारायलेत, नकाशा कुणाच्या घरात ठेवायचा. म्हणलं, धाकटीला इचारल्याबिगर न्हाई.

तुझ्या गोधडीचा कोपरा उसवलेलाच ठेवलाय. मी शिवणार न्हाई. तुझा टाका बारीक, माझा ढोबळ, लगेच दिसंल. तूच येऊन शिव. परभणीला उतर, गाडी जुंपून धाडते. बैलांची शिंगं अजून रंगलेली हायत, तेवढ्यात ये.

आधी कोण बोललं, असं गाव इचारतं. मी सांगून ठेवलंय, धाकटी बोलली, गोधडीनं. कबूल नसंल तर येऊन भांड. उखळापाशी तुझा पाट मांडलाय.

आधी न बोललेली,
तुझीच थोरली जाऊ
कोंडाबाई