पेवातली पोरं

३ मार्च १९३६, हसनाबाद
जालन्याहून बैलगाडीने आलो. प्रवास झकास झाला. वकीलसाहेबांनी एकट्यावर टाकलेलं माझं हे पहिलंच काम. इथलाच आमचा अशील रखमाजी याला फाशीची शिक्षा झाली आहे. एका आडत्याला पेवात ढकलून त्याने वर दगड लोटला. त्याचं बालपण कसं गेलं ते गावात विचारून लिहायचं, दयेच्या अर्जासाठी. त्याची सावत्र आई नंदाबाई हिच्याकडेच उतरलो आहे. बाई मायाळू. गरम भाकरी, भरली वांगी. बिलकुल लाजू नका, म्हणाली.

४ मार्च
रखमाजी सात वर्षांचा असताना त्याची आई प्लेगात गेली. धाकटा पुंजाराम तीनचा. नंदाबाई म्हणते, पोरं हट्टी होती, पण मारलं कधीच न्हाई. नुसतं पेवात बसवत होते. अंगणातलंच पेव, ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. सांगता सांगता तिने मला ताक वाढलं.

५ मार्च
शेजारच्या बद्रीनाथने आज तोंड उघडलं. एकदा दोघांना पेवात उतरवून, वर दगड ठेवून नंदाबाई रामनवमीच्या जत्रेला जांबला गेल्ती. तिसऱ्या दिवशी दगड काढला तर पुंजाराम मेलेला. रखमाजी त्याला मांडीवर घेऊन थोपटत होता. पुढे वर्षभर पोरगा बोलला नाही. पाटलाला तिने सांगितलं, ताप आल्ता.
सगळं लिहून घेतलं. बद्रीनाथ म्हणाला, तिला कळू देऊ नका. जल्दी निघा.

६ मार्च
आंघोळ करून आलो तर माझे कागद उलटसुलट. तिला वाचता येत नाही. पण कुणाकडून तरी —
जेवताना तिने एवढंच विचारलं, माझं नाव बी लिहिलं का? हो म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं.

७ मार्च, दुपार
निघणारच होतो. पण पेव न पाहता गेलो तर वकीलसाहेब काय म्हणतील? नंदाबाई शेतात गेलेली पाहून बद्रीनाथने दोर धरला. खाली बसून लिहितो आहे. हवा कोंदट. भिंतीवर नखांचे ओरखडे, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. त्याखाली आणखी, त्याहून बारीक —

वर नंदाबाईचा आवाज. बद्रीनाथला सांगते आहे, तुझी म्हैस सुटली, पळ, दोर मी धरते.

दोर खाली पडला.

हाका मारल्या. ती वाकून म्हणाली, आधी समदेच ओरडतात, मंग निजतात.

दगड सरकतो आहे. उजेड चार बोटं — दोन — बद्रीना