देवाकडं तोंड केलेला माइक

प्रिय क्रांती,

तुला आणि तुझ्या त्या सगळ्या स्पीकरांना माझे आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आई ठणठणीत आहे. म्हैस व्याली, रेडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. बघ, लगेच म्हशीवर आलो. तुझी आई म्हणतेच, अवघड काही समोर आलं की ह्यांना जनावरं आठवतात. तर आधीच सांगून टाकतो, तुझा प्रश्न मी विसरलेलो नाही. त्या रविवारी रात्री जेवणं झाल्यावर तू सरळ विचारलंस की आबा, मला बिरदेवशी लग्न करायचंय, तुम्ही हो म्हणाल का? आणि मी ‘मोटर बघून येतो’ म्हणून रानात निघून गेलो. मोटरीची लाईट गेलेली होती हे मला बांधावर पोचल्यावर कळलं. मग तुम्ही दोघं मिरजेला परत गेलात आणि तेव्हापासून आपण फोनवर नुसतं पाऊसपाणी बोलतोय. आज उत्तर लिहायला बसलोय. पण मला वळसा घातल्याशिवाय कुठं पोचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा जरा दमानं घे.

मिरजेत तुमच्या कामाच्या खोलीखालून दिवसभर अॅम्ब्युलन्स पळतात, म्हणून नव्या वेबसाइटचं शेवटचं काम आपल्या बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये करायचं तू ठरवलंस, तेव्हा मी मनातून नाराजच होतो. शेडमध्ये माझं खत होतं. ते मला हलवायला लावलंस. मग आईच्या झाडून सगळ्या वाकळा भिंतींना टांगल्यास, आवाज घुमू नये म्हणून. स्पीकर मांडायला स्टँड कमी पडले तशा दुधाच्या किटल्या आणल्यास, आणि एक स्पीकर तर माझ्या पलटणीच्या ट्रंकेवर चढवलास. त्या ट्रंकेवर आजवर मी कुणाला चहाचा कपही ठेवू दिलेला नाही. बिरदेव मला विचारायला आला होता, चालंल का म्हणून. मी ‘ठेव’ म्हणालो, पण कपाळाला आठी घालून म्हणालो. त्यानं आठी बघितली आणि ट्रंकेवर आधी घोंगडं अंथरलं.

तुम्ही दोघं सांगलीत इंजिनिअरिंगला एकत्र होतात, पुढं हा धंदाही एकत्रच काढलात. इतकी वर्षं गावात कुणी विचारलं की क्रांती काय करते, तर मी ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगून विषय मिटवायचो, कारण मलाच कळलेलं नव्हतं. प्लगिन म्हटलं की मला वायरीचा प्लग दिसायचा. आता कळलं. गाणी आणि सिनेमाचं संगीत करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचं ते वाद्य आहे. माणूस पुण्यात बसलेला असो नाहीतर परदेशात, तो बोट दाबणार आणि आटपाडीकडचा धनगरी ढोल वाजणार. तुमच्या प्लगिनचं नाव ‘गजढोल’, तेही मला आवडलं. जुनी वेबसाइट मात्र मला कधीच आवडली नाही. पिवळ्याजर्द रंगात ढोलाशेजारी तुम्ही दोघं रेशनकार्डाच्या फोटोसारखे ताठ उभे. नवी सुरेख झाली आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आता गजढोल सराउंडमध्येही चालणार, म्हणजे थिएटरात जसा चहूबाजूंनी आवाज येतो तसा. आजवर तो दोन स्पीकरांपुरता करून विकत होतात. संध्याकाळी ही नवी वेबसाइट सगळ्या जगाला दिसणार होती.

दुपारी तू मला मधल्या खुर्चीवर बसवलंस, कारण रिकामटेकडा मी एकटाच होतो. म्हणालीस, आबा, समोर बघा आणि कसं वाटतंय ते सांगा. बिरदेवनं बटण दाबलं. पहिला ठोका पडला तो थेट माझ्या पाठीत. मी गर्रकन वळलो. पाठीमागं आवाज झाला की वळायचं हे पलटणीनं अंगात भिनवलेलं आहे, त्याला मी काय करू? तू म्हणालीस, आबा, पुढं बघा. मी पुढं बघितलं. पुढं नुसती एक घंटा, कुठंतरी कोंबडा आणि वारा. मागं मात्र सगळा ढोलांचा ताफा. शेवटी मी खुर्चीच फिरवून बसलो आणि म्हणालो, आता झ्याक वाटतंय. तुम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तुझा चेहरा पांढराफटक पडला आणि बिरदेव डोक्याला हात लावून खाली बसला.

मग उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी बिरदेवच्या गावच्या बिरोबाच्या जत्रेत तुम्ही हे ढोल रेकॉर्ड केलेत. गज्यांचा खेळ, म्हणजे ढोलावरचा धनगरी नाच, सुरू व्हायच्या आधी ढोलकरी देवाकडं तोंड करून उभे राहतात. त्यांच्यापुढं, देवळाच्या अगदी जवळ, बिरदेवनं तो चहूबाजूंचा आवाज घेणारा माइक लावला. माइकाला पुढची आणि मागची बाजू असते हे मला त्या दिवशी समजलं. तर ह्या गड्यानं माइकाचं तोंड केलं देवाकडं आणि पाठ केली ढोलांकडं! इंजिनिअर झालेला मुलगा! मी विचारलं, असं रं कसं केलंस? तर मान खाली घालून म्हणतो, “आवं आबा, देवाकडं पाठ करून कसा उभा करायचा त्येला?” विचार करून केलं असतं तर चूक म्हटली असती. त्यानं विचारच केला नव्हता, हात आपोआप तसा वळला होता. आणि तू तिथंच होतीस. तुलाही काही वावगं दिसलं नाही, कारण तूसुद्धा माइक हातात असताना देवाला पाठ दाखवली नसतीस. दोन स्पीकरांत सगळाच आवाज पुढून येतो, त्यामुळं इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला इतकं हसू आलं, की वाकळांच्या पलीकडून आई विचारायला लागली, ह्यांना काय झालं म्हणून. तुम्ही हसत नव्हता. संध्याकाळ तोंडावर आलेली होती.

आता खरं सांगतो, मी तिथून हललो नाही तो मदतीसाठी नव्हे. मला बघायचं होतं तुम्ही भांडता कसे. माणूस मला भांडताना कळतो. तू म्हणत होतीस, सगळंच फिरवून टाकू, ढोल पुढं आणू, विषय संपला. बिरदेव म्हणत होता, फिरवू, पण मूळचं पुसायचं नाही. चांगलं तासभर चाललं. तुझा आवाज चढला की त्याचा उतरत होता, आणि त्याचं डोकं तापलं की तू पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवत होतीस. तुम्हाला ते कळतही नव्हतं. शेवटी तुम्ही स्क्रीनवर एक गोल चकती काढलीत, जिच्यानं ऐकणारा आपलं तोंड हवं तिकडं फिरवेल. एका टोकाला ‘माणसांकडं’ आणि दुसऱ्या टोकाला ‘देवाकडं’. वेबसाइटवरचं पहिलं चित्रही तेच ठेवलंत. दिवेलागणीला ती सुरू झाली तेव्हा आईनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि थोडी हळद बटणांच्या फटीत गेली. तू ओरडलीस. बिरदेव म्हणाला, राहू दे, माइकाच्या जाळीत अजून जत्रेतला भंडारा आहे, त्याचं काय बिघडलं?

त्या दिवशी जेवताना मी फार आनंदात होतो, क्रांती. दोनदा भात घेतला. आणि हात धुऊन बसतोय तेवढ्यात तू विचारलंस.

मी का पळालो ते आता ऐक. बिरदेवमध्ये मला काडीची खोट दिसली नव्हती. मला भावकी दिसली. आपण उसाच्या मळ्यातली, पलटणीतली माणसं, ते मेंढरांमागं फिरलेले धनगर, आणि मधे उभा आपला जोतीरामदादा, सगळ्या भावकीचा कारभारी. बर्फात पहारा केलेला माणूस मी, पण चुलतभावाच्या नजरेला भ्यालो. हे लिहायला लाज वाटते, पण तोंडानं सांगायला त्याहून जास्त वाटली असती. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच की पोरीनं विचारलंय, हुकूम मागितलेला नाही, पण तुमचा मान ठेवलाय तर तुम्ही त्याला जागा.

मग गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो होतो. चार माणसं होती म्हणून मी आपला मोबाइल काढला आणि तुझी वेबसाइट लावली. खोटं कशाला बोलू, मला मिरवायचं होतं. चकती फिरवून दाखवली, ढोल ऐकवला. तू फोनवर सांगितलं होतंस ना, की चेन्नईच्या कुठल्याशा स्टुडिओला ‘देवाकडं’च जास्त आवडलं, सिनेमात पाठीमागून ढोल चाल करून येतात म्हणून? तेही रंगवून सांगितलं. तुमची चूकच तिकडच्या लोकांना पसंत पडली म्हणून सगळे हसले. जोतीरामदादा कॅन धरून मागं उभा होता. त्यानं विचारलं, “ह्यो ढोल मोबाइलात भरणारा कोन रं?” म्हटलं, बिरदेव, तिकडं आटपाडीकडचा. तर म्हणाला, “त्यो तुजा कोन?” आणि क्रांती, माझ्या तोंडून निघून गेलं, “जावई हाय माजा.” ठरवलं नव्हतं. तुला काही बोललो नव्हतो, आईलाही नव्हतो, आणि डेअरीवर सांगून मोकळा झालो! दादानं कॅन खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, आणि निघून गेला. माझी छाती अशी मोकळी झाली की घरापर्यंत शीळ घालत आलो. संध्याकाळी दादानं निरोप धाडला, “लग्नाचं आदी घरात सांगायचं का डेरीवर?” ह्याला होकार समजायचा की नकार, मला अजून कळलेलं नाही. आई म्हणते होकारच आहे, नुसता रुसलाय. आणखी दोघातिघांनी येणार नाही म्हणून कळवलंय. न येऊ देत. तेवढ्या खुर्च्या कमी मांडाव्या लागतील.

आता तुला वाटेल, एवढं झालं होतं तर आबा, एक फोन करायचात. फोन मुद्दामच केला नाही, कारण मी घरी नाही. मी आणि तुझी आई काल एसटीनं आटपाडीच्या पुढं आलो आहोत. हे पत्र बिरदेवच्या घरी, त्याच्या वडिलांच्या, तात्याबांच्या अंगणात बाजेवर बसून लिहितोय. फोन केला असता तर मागची मेंढरं तुझ्या कानांनी पहिल्याच क्षणी धरली असती, आणि मला शब्द बोलू दिला नसतास. एकदा तरी माझं सगळं बोलणं मधे न तोडता ऐक, म्हणून लिहिलं. बिरदेवचा चुलतभाऊ उद्या मिरजेला दवाखान्यात जाणार आहे, तो पाकीट तुझ्या हातात देईल. पोरीच्या बापानं आधी मुलाच्या घरी जाऊन विचारायचं असतं, तुला हो म्हणण्याआधी मला ते करायचं होतं. काल डाळिंबाच्या बागेतून आल्यावर तात्याबा समोर बसले. मी टोपी सारखी केली आणि म्हणालो, आमची क्रांती तुमच्या बिरदेवला द्यावी म्हणतोय, तुमच्या मनात काय आहे? ते नुसते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले. मनात आलं, नाही म्हणाले तर तुला काय सांगू? तेवढ्यात त्यांच्या मंडळी, धोंडुबाई, पिठाच्या हातानंच बाहेर आल्या आणि मलाच डाफरल्या, “आवं पावणं, जत्रंत पोरगी माज्याजवळ बसून भाकरी मागून मागून खात व्हती, तवाच मी ह्यास्नी म्हनलं, हीच माजी सून. दोन वरीस झालं वाट बघतुया आमी. तुमी का एवडा उशीर लावला?” तुझी आई पदराआड हसत होती. तर रविवारी दोघंही इकडं या. माझं उत्तर हो आहे, पोरी, अगदी मनापासून हो. दोन्ही घरांत सगळ्यांत शेवटी हो म्हणणारा मीच निघालो, तेवढं मात्र जोतीरामदादाला सांगू नकोस.

तुझाच,
आबा