फोटोत तुझे दात दिसतात

आई, तुझा फोटो सापडला. आपल्या वाचनालयात श्रीवर्धनच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचंय. ते काम मी हौसेने अंगावर घेतलं आणि अलिबागच्या सरकारी दप्तरखान्यात बागायतीच्या पाहणीचं एक बाड चाळताना तू समोर आलीस. फोटोच्या मागे नुसतं 'सुपारी सोलणाऱ्या बाया' एवढंच. बाग कोणाची, ते मात्र मालकाच्या नावासकट आहे. बायांची नावं कोण लिहितोय!

तू हसतेयस. तोंड उघडं, सगळे दात बाहेर, अंग शेजारच्या बाईवर कललेलं. मी तुला आधी ओळखलंच नाही, भुवईवरच्या व्रणामुळे ओळखलं. मला आठवते ती स्वयंपाकघरातली तू. सुपारीने काळी पडलेली बोटं तांदळाच्या पिठात, भाकरी थापतेयस, आणि मी शाळेतली कसलीशी गंमत सांगून खो खो हसतेय. तव्यावरची नजर न हलवता तू म्हणालीस, "दात काय दाखवतेस? तोंड झाक." तेव्हापासून हसताना माझा हात तोंडावर जातो. साठी उलटली तरी जातो. मला वाटायचं, काही बायकांना गाणं येत नाही तसं आपल्या आईला हसणं येत नाही, मग रागावायचं कशाला? येत होतं की तुला! फक्त ते बागेत ठेवून घरी येत होतीस.

शेजारची बाई म्हणजे तुझी ती मैत्रीण, जिच्याबरोबर तू रोज सोलायला जायचीस. मी मावशी म्हणते तिला, ती अजून आहे. नव्वदीला टेकलीय, पण कान शाबूत. फोटो दाखवायला गेले तेव्हा मनात एकच होतं, हिला काही आठवू नये. कसली विसरतेय! "त्यो फोटुवाला म्हनाला, सरळ बसा, हसू नका. नि सोता वाकला तशी त्याची पाटलून फाटली. मी हिला म्हटलं, अगो, त्याला सांग, आधी तूच सरळ बस." आणि वर म्हणते, "तू व्हतीस की तितंच, सालपटांच्या ढिगावर निजलेली." म्हणजे मी तिथे होते, आणि झोपले होते. माझा नुसता जळफळाट झाला, आई. तुझं ते हसणं हिने रोज ऐकलं असणार.

पण पाटलुणीचं ऐकून मलाही हसू फुटलं. हात तोंडावर गेला. मावशीने तो धरून खाली ओढला. "काढ गो. दात तिचंच हायत." आता हे तू सांगायचंस ना मला? तिने का सांगावं?

प्रदर्शन उद्या आहे. मावशीला तिचा नातू घेऊन येणार आहे. फोटोखालच्या पट्टीवर तुझं नाव लिहून झालंय. तिचं राहिलंय. लिहीन, लिहायला तर हवंच. मघाशी तिला अंगठ्याने झाकून पाहिलं, तर तू उगाच हसणारी वेडी दिसायला लागलीस. तरीही हे लिहिताना डाव्या हाताचा अंगठा तिथेच आहे.