नेरीनाचं सुकाणू

पोर्तो गारिबाल्दी,
१४ एप्रिल

ती. एर्सिलियाताईस,
कंबर वाकत नाही म्हणून उभ्या उभ्याच सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं बोलणं कमी आणि खोकला जास्त ऐकू येतो अशी तुझी तक्रार होती, म्हणून पत्रच बरं. कागद खोकत नाही.

‘नेरीना’ एकदाची पाण्यात गेली. महिनाभर तिचं बूड खरवडत होतो. शेवाळ, शिंपले, जुना रंग, सगळं मिळून दोन घमेली निघालं. सान्तेने होडीला तुझ्या-माझ्या आईचं नाव दिलं तेव्हा आईला वाटलं, जावयाला किती माया. मला आता कळतंय की त्याने फार दूरचा विचार केला होता. आईसारखीच तीही दर वसंतात नवं दुखणं काढते, आणि औषध तिला महागातलंच लागतं. इंजिनवाला वान्नी म्हणाला की पंप बदला. मी म्हटलं गेल्या वर्षीच बदलला. तर म्हणतो, तो दुसरा पंप.

ताई, आता स्पष्टच लिहितो. फेर्राराचा एक दातांचा डॉक्टर होडी बघून गेला. मासेमारीतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण होडी त्याला आवडली आहे. अर्धी होडी माझी आणि सान्तेची अर्धी आता तुझी, म्हणून तुझी सही हवी. सान्ते गेल्यापासूनचा हा तिसरा उन्हाळा. टूना एकट्याने धरायचा मासा नव्हे हे तुला मी काय सांगायचं. तो गळाला लागला की नांगराचा दोर खुणेच्या तरंगत्या पिंपासकट सोडून द्यायचा आणि त्याच्यामागे धावायचं. एकाचे दोन्ही हात गळाच्या काठीला, दुसऱ्याचे सुकाणूला. काठी मी धरेन, पण सुकाणूवर माणूस नाही. नाकापेक्षा मोती जड झालाय. विकूया.

लोरेत्ताला आणि नातवंडांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो सहीसकट यावा.

तुझा भाऊ,
ओत्तोरिनो


पियाचेन्झा,
२७ एप्रिल

चि. ओत्तोरिनो यास,
सत्तरीला टेकलास तरी माझ्या लेखी चि.च, तेव्हा अ. उ. आ.

पत्र पोचलं. लोरेत्ताच्या सातव्या मजल्यावर माझं बरं चाललंय. खिडकीतून दुसरी इमारत दिसते, त्या इमारतीतल्या बाईला मी दिसते. दोघी एकमेकींना हात करतो. इथला दिवस काही केल्या ढळत नाही, आणि लोरेत्ता मला सुरीसुद्धा हातात घेऊ देत नाही. म्हणते, आई, तू बस. बसून बसून पाय सुजले.

होडीचं म्हणशील तर सही मी करणार नाही. धक्क्यावरच्या जागेच्या भाड्याचा माझा वाटा पाठवला आहे, पंपाचाही पाठवीन. सान्तेची होडी विकली तर त्याला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं होईल मला. या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

सुकाणूवर माणूस नाही म्हणतोस, तर शोध. गावात रिकामटेकडे का कमी आहेत? धक्क्यावरच्या बारमध्ये सकाळपासून जे पत्ते कुटतात त्यांतलाच एक उचलून ने. आणि यंदा बरण्या विसरू नकोस. तेलातला टूना, आपल्या हातचा, पोटाकडचे तुकडे वेगळे. पियाचेन्झातली माणसं चांगली आहेत, पण मासा म्हणजे काय हे त्यांना चित्रावरूनच माहीत.

खोकल्याला मधात कांद्याचा रस घे. घेणार नाहीस ते ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माया आहे ती आहेच,
एर्सिलिया


पोर्तो गारिबाल्दी,
२० जुलै

ती. ताईस,
उन्हाने डोकं तापलेल्या भावाचा सा. न. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. तू सांगितलंस तसा एकेक करून तिघांना नेऊन पाहिलं. पहिला, नांगर पडल्यापासून उचलेपर्यंत, सरकारवर बोलत होता. दुसरा झोपला, आणि घोरणं असं की मासे दुसऱ्या देशाच्या हद्दीत गेले असतील. तिसऱ्याने सुकाणू धरलं खरं, पण मासा लागताच घाबरून होडी थेट त्याच्या अंगावर घातली. दोर पंख्यात गुंतला. तो सोडवायला पाण्यात मीच उतरलो. या वयात.

तुला यात काय कळणार म्हणा. तुला तर पियाचेन्झाच्या बसमध्येसुद्धा पिशवी लागते.

मासा यंदा कमीच आहे. तरी बरण्या पाठवल्या आहेत, लोरेत्ताच्या दिरासोबत. त्याला म्हटलं, आडव्या ठेवू नकोस. त्याने नक्कीच आडव्या ठेवल्या असतील.

रोज पहाटे जातो, दुपारी येतो. घोडं मेलं ओझ्याने, शिंगरू मेलं येरझाऱ्यांनी, त्यातलं शिंगरू मी.

कांद्याचा रस घेतला नाही. लोभ असावा, आग्रह नसावा.

ओत्तोरिनो


पियाचेन्झा,
२ ऑगस्ट

चि. ओत्तोरिनोस अ. उ. आ.

बरण्या पोचल्या, आडव्याच. तेल गळून दिराची नवी गाडी वर्षभर वास मारणार, त्याबद्दल लोरेत्ताच्या जावेने तोंड पाडलं आहे. ते असो.

काल एक बरणी उघडली. सगळे तुकडे सारखे, साबणाच्या वड्या कापाव्यात तसे. आपल्या घरात असा सरळ तुकडा कधी कुणी कापला? तू कापतोस तेव्हा एक तुकडा वीटभर असतो आणि दुसरा बोराएवढा. आईही तशीच कापायची. आणि तमालपत्र कुठे आहे? तमालपत्राशिवाय बरणी भरली तर आई उठून येईल. मी चाळीस वर्षं टूना शिजवला, ओत्तोरिनो. हा मासा फिक्कट, कोरडा, भुसभुशीत. हा आपल्या समुद्राचा नाही. हा तू कोमाक्कियोच्या दुकानातून आणलास आणि नुसता आपल्या बरणीत भरलास.

रागावले नाही. पण मग मला सांग, तू रोज पहाटे जातोस ते करतोस तरी काय? तुझी तब्येत ठीक आहे ना? हात चालतात ना? खरं लिही. खोटं लिहिलंस तर अक्षरावरून ओळखीन.

काळजीत,
एर्सिलिया


पोर्तो गारिबाल्दी,
११ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तमालपत्राचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

हात चालतात. तब्येत वयाच्या मानाने आहे तशी आहे. बाकी, विचारलंसच, तर सांगतो.

जातो. समुद्रातून वायू काढायच्या मनोऱ्यांपलीकडे, जिथे आम्ही दोघं थांबायचो तिथेच नांगर टाकतो. बादली उघडतो आणि तारलीचे तुकडे एकेक करून सोडत बसतो. एक बुडाला की दुसरा, सान्तेने घालून दिलेल्या बेताने. गळ लावत नाही. काठ्या घरीच असतात. तिघांना नेऊन पाहिल्यावर ठरवलं की आता पुरे. त्याच्या जागी उभा राहिलेला कुणी मला बघवत नाही, आणि एकट्याने मासा लावला तर त्या माशाचे हाल आणि माझेही.

तरी मासे येतात, ताई. खालून निळं काहीतरी वळतं, तुकडा नाहीसा होतो. पाठ दिसते, वासराएवढी. ते खातात, मी बघतो. बादली संपली की परत येतो आणि बारमध्ये सांगतो की आज काही नव्हतं. आता तर टूना धरायची यंदाची परवानगीही संपली, मासा धरला तरी सोडायचाच. तेव्हा मी काही फार वेगळं करतो असं नाही.

पण थकलो. इंधन जाळून माशांना जेवू घालणारा गावात मी एकटाच असेन. तू लिहिलंस की सान्तेला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं होईल, त्या एका वाक्यासाठी हा उन्हाळा ओढला. माझं मन यातून कधीच उठलं होतं. तुझ्यासाठी ठेवली आहे होडी. आता सही कर, म्हणजे मी झोपेन तरी.

लोभ कमी होऊ नये,
ओत्तोरिनो


पियाचेन्झा,
१८ ऑगस्ट

चि. ओत्तोरिनोस अ. उ. आ. आणि एक टपली.

ते वाक्य माझं नव्हे. लोरेत्ताची एक मालिका लागते संध्याकाळी, तिच्यातली विधवा असं म्हणाली. मला ते वजनदार वाटलं म्हणून तुला लिहून टाकलं. सान्तेला मी एकदाच पुरलं आणि तेवढं पुरे झालं. मला त्या होडीचा कंटाळा तुझ्याआधीपासून आहे. चाळीस वर्षं तिच्यावरून आलेले मळके कपडे धुतले मी.

मी सही केली नाही ती तुझ्यासाठी. सान्तेच्या नंतर तू खिडक्या लावून बसला होतास, दाढी नाही, जेवण नाही. होडी पाण्यात घालायची वेळ आली तेव्हाच उठलास. मी म्हटलं, ती गेली तर हा पुन्हा बसेल. म्हणून भाड्याचा वाटा भरत राहिले. तू माझ्यासाठी ठेवलीस आणि मी तुझ्यासाठी. आई असती तर दोघांना एकाच वेळी झाडूने मारलं असतं.

आता दुसरी गोष्ट. तीन वर्षं तू लिहितोयस की सुकाणूवर माणूस नाही. प्रत्येक वेळी मी ते वाचते आणि गप्प बसते. आज लिहिते. तू लष्करात होतास आणि बाबांचा हात मोडला होता, ते दोन हिवाळे माकुळांच्या जाळ्यांवर बाबांची होडी कुणी नेली? तू सुट्टीवर आलास तेव्हा धक्क्यावर उभं राहून तूच म्हणाला होतास की ताई, तू तर नाखव्यासारखी वळवतेस. ईशान्येचा वारा सुटला होता आणि मी होडी बंदराच्या अरुंद तोंडातून आत आणली, तेव्हा सान्ते तिथेच टोपी धरून उभा होता. त्याने माझ्याशी लग्न केलं ते ते सुकाणू बघून, आणि लग्नानंतर माझ्याकडून पहिलं काढून घेतलं तेही सुकाणूच. म्हणाला, बंदर हसेल. मी हसू दिलं नाही बंदराला. वाईट नव्हता तो. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा कसा असतो तो मी चाळीस वर्षं बघितला, आणि आता तूही तेच.

बसमध्ये मला उलटी होते कारण बस दुसरं कुणी चालवतं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी येते. काठ्या घेऊन ये, गळ बांधून ठेव. सही नंतर करीन. लोरेत्ताला सांगितलं आहे की तुझ्याकडे टोमॅटोच्या बाटल्या भरायला जाते.

तुझी,
एर्सिलिया


पियाचेन्झा,
१६ सप्टेंबर

चि. ओत्तोरिनोस अ. उ. आ.

सुखरूप पोचले. म्हणजे बसमध्ये काय व्हायचं ते झालं, पण पोचले. हातांना फोड आले आहेत. लोरेत्ता म्हणते टोमॅटोने हातांना फोड कसे येतात. मी म्हटलं, तुझ्या मामाकडचे टोमॅटो बघितले नाहीस.

खांद्यांचं दुखणं अजून उतरत नाही आणि जिना चढताना गुडघा आवाज करतो. पण झोप लागते, ओत्तोरिनो. या घरात पहिल्यांदा दमून झोपते आहे. इतके महिने नुसतीच झोपत होते.

तू मला किती बोललास त्या दिवशी. डावीकडे घे, डावीकडे, अगं बाई डावीकडे, असा सारखा गळा काढलास. मी तुला म्हटलं की तू तुझी काठी बघ, मासा मी बघते. मग काठीकडे वळलास. तो खालून सरळ होडीच्या पोटाखाली शिरला तेव्हा मला क्षणभर भीती वाटली, पण हात आपोआप वळले. होडीचं नाक फिरलं, गळाचा दोर मोकळा झाला. हाताला इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्याने सगळं जपून ठेवलं होतं.

मग तुझा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं आता सुरीने दोर मीच कापावा. तू मानेनेच नको म्हणालास. मासा होडीच्या बाजूला येऊन वळला, डोळा वर करून बघून गेला, आणि तू आपल्या हाताने दोर कापलास. नंतर आपण दोघांनी मोर्तादेल्लाचे, त्या मांसाचे, काप घातलेला पाव खाल्ला. घरी परत येईतो तू रडत होतास की नाक गळत होतं ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही.

बंदर हसलं. बारमधले पत्ते टाकून उठले. सगळ्यात जुना जो दात नसलेला, तो म्हणाला की हिला मी पूर्वी आत येताना पाहिलंय. तेवढं मला पुष्कळ झालं.

सोबत विक्रीचा कागद आहे. माझी सही केली आहे, शब्दाला मी पक्की. तारीख मात्र घातली नाही. ती तू घाल. तू कंटाळलास की घाल. मी कंटाळले असं मी लिहिलं, तर खात्री करून घे की ते मालिकेतलं नाही, आणि मग घाल. दातांच्या डॉक्टरला सांग, घाई असेल तर बायकोला सुकाणू शिकवायला लाग.

लोभ आहे, हातांवर दिसतो आहे,
एर्सिलिया


पोर्तो गारिबाल्दी,
९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

धुकं आहे. समोरचा धक्का दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ‘नेरीना’ बाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवली. यंदा शेवाळ जरा कमीच होतं, किंवा माझे डोळे. वान्नी म्हणाला की पंप. मी म्हटलं कोणता. तो म्हणाला, तिसरा.

दातांचा डॉक्टर परवा येऊन गेला. कागद टेबलावरच होता. त्याने दोन्ही सह्या वाचल्या, मागची बाजूही बघितली, आणि विचारलं की तारीख का नाही. मी म्हटलं, बहिणीने ती माझ्यावर सोपवली आहे आणि मी जरा आळशी आहे. तो हसला. एक दाढ दुखत होती ती त्याला दाखवली. म्हणाला, काढावी लागेल. मी म्हटलं, तिचीही तारीख नंतर बघू.

कंटाळा आहे, ताई. भरपूर आहे. सकाळी उठतो तेव्हा पाठीत असतो, रात्री गुडघ्यात. दोनदा पेन हातात घेतलं होतं. तारखेच्या जागी काही लिहवलं नाही, मग त्याच पेनाने हे पत्र लिहायला घेतलं.

कांद्याचा रस घेतला. भयंकर आहे. खोकला थांबला.

तमालपत्राचं रोप टेरेसवर लावलं आहे. बरण्या धुऊन उपड्या ठेवल्या आहेत. जूनमध्ये येशील तेव्हा बसने येऊ नकोस. फेर्रारापर्यंत आगगाडीने ये, तिथून मी आणायला येतो. गाडी तू चालव.

तुझा,
ओत्तोरिनो