जाड्या उंदराचं नाव

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार, आणि आधीच माफी. आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जाड्या उंदराचं नाव मी ‘बाबा’ ठेवलंय.

रागावू नका. हे वाळवंटातले उंदीर. तिथे खारट पाला खाऊन ठणठणीत असतात, पण पिंजऱ्यात आयतं खाद्य मिळालं की त्यांना मधुमेह होतो. म्हणूनच आम्ही त्यांच्यावर अभ्यास करतो. हा तर जेवला की पोट वर करून पेंगतो. मला दुसरं नाव सुचेना.

दीड महिन्यापूर्वी त्याला पुन्हा पाल्यावर आणलं. दोन दिवस पठ्ठ्या पाठ फिरवून बसला, आईने साखरेचा डबा लपवला की तुम्ही बसता तसा. मग मुकाट्याने खायला लागला.

काल त्याचं रक्त तपासलं आणि प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई ओरडल्या, “बाबाची साखर उतरली!” सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ‘बाबा’ म्हणजे काय, ते इथे परदेशात कुणालाच ठाऊक नाही. मी मात्र हसता हसता डोळे पुसत होते.

पायाची जखम भरली का? आई फोनवर विषय बदलते. तपासणीचा खरा आकडा तुम्हीच कळवा. एका बाबाच्या टाळ्या वाजवून झाल्या, दुसऱ्या बाबांच्या मी राखून ठेवल्यात.

तुमची,
उंदीर सांभाळणारी लेक