ग्लुदुगच्या गाण्याची जागा

क्लातेन,
३ मे २०२३

चि. हार्दोनो यास,
थोरल्या भावाचा सलाम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू सेमारांगला सुखरूप पोचलास, हे तुझ्या बायकोने सुमिनीला फोनवर सांगितलं. दोन ओळी लिहायचा तुझा कंटाळा जुनाच. बाबा शाळामास्तर, घरातली बातमी कागदावरच पोचली पाहिजे हा त्यांचा नियम मी मोडणार नाही. माझ्या हिशेबी फोन पक्ष्यासाठी आणि पत्र माणसांसाठी.

त्या फोनचं मात्र तू सोनं केलंस. सहा महिने नातवाचा एक फोटो आत घ्यायचा म्हटलं तरी जागा नाही म्हणून तोंड फिरवत होता. तू ईदच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलास आणि सुप्रभाताची फुलं, माझा दोस्त हाजी मुस्लिख याने धाडलेले काढ्यांचे व्हिडिओ, एकच फोटो पाच-पाचदा, सगळं झाडून काढलंस. सुमिनीने जपून ठेवलेले ब्लाउजांचे नमुनेही त्यात गेले. दोन गिऱ्हाइकं दारात भांडून गेली. ती म्हणते, दीर साफसफाईला आला की चमचेसुद्धा मोजून ठेवावेत.

आता मुद्द्याचं. माझ्या शाम्याची, ग्लुदुगची, रेकॉर्डिंगं सगळ्यात जास्त जागा खातात म्हणून तू ती आपल्या लॅपटॉपवर उतरवलीस आणि फोनमधून पुसलीस. आठवड्याभरात कार्डावर घालून धाडतो म्हणालास. ते विसरू नकोस. ग्लुदुग जाऊन तीन महिने होत आले, त्याचं पिल्लू चार महिन्यांचं झालंय. शामा पक्ष्याचे कान याच वयात उघडे असतात. आत्ता जे ऐकेल तेच जन्मभर गाईल. त्यासाठीच तर दोन वर्षं रोज सकाळी मी पिंजऱ्याला फोन टांगत होतो.

मुलांना गोड पापा. तुझं पाकीट लवकर यावं, ही इच्छा.
तुझा दादा,
वारसितो


सेमारांग,
२८ मे २०२३

ति. दादास,
धाकट्याचा कृ. सा. न. वि. वि.

आज पोस्टात गेलो तर खिडकीतल्या बाईंनी तिकीट कशाला हवं म्हणून विचारलं. भावाला पत्र लिहितोय म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. तुझ्यामुळे माझी शहरात शोभा होते.

कार्ड पाठवतोच. ऑफिसात सध्या मान वर करायला वेळ नाही. अकरा वर्षं मी तिथे तात्पुरता. यंदा काही हालचाल दिसते आहे, म्हणून साहेब रात्री आठपर्यंत थांबा म्हणाले तरी थांबतो. तोवर पिल्लाला इंटरनेटवरचं एखादं गाणं ऐकव. तिथे विजेत्या शाम्यांची शेकडो आहेत, आणि फोनमध्ये आता जागाही आहे!

वहिनींना सांग, चमचे माझ्याकडे नाहीत. त्यांच्या हातच्या ओपोरची, नारळाच्या दुधातल्या कोंबडीची, आठवण येते. इथे नारळाचं दूधही डब्यातलं.

माया कमी करू नकोस.
तुझा,
हार्दोनो


क्लातेन,
२० ऑगस्ट २०२३

चि. हार्दोनो यास,
दादाचा सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तीन महिने झाले. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. रविवारीसुद्धा तुमच्याकडे मीटिंगा असतात, हे मला नवीन आहे.

इंटरनेटचं म्हणालास. हार्दोनो, तू याच घरात वाढलास, तुला मी काय सांगू? ग्लुदुगच्या गाण्यात सुमिनीचं शिलाई मशीन होतं. तिचं मशीन जुनं, चाकाचा एक दात तुटका, म्हणून दर सातव्या टाक्याला ठेचकाळतं. ग्लुदुगने ते ठेचकाळणंसुद्धा गळ्यात घेतलं होतं. आधी मशीनची ती टकटक, मध्ये अडखळ, मग वरून खाली येणारी लांब शीळ. स्पर्धेत पंच झेंडे घेऊन त्याच्याच पिंजऱ्याखाली गोळा व्हायचे. ते इंटरनेटवर कुठून सापडणार? मशीनवर बस म्हणून सुमिनीला सांगितलं. ती बसली, शिवलं. पिल्लू मान वाकडी करून बघत राहिलं, पण त्यातून गाणं कसं काढायचं हे त्याला बापाकडूनच कळणार.

मधल्या वेळात ते खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा विकणाऱ्या बाक्सोवाल्याकडून शिकतंय. तो रोज चार वाजता वाडगा वाजवत गल्लीतून जातो. परवा पिंजऱ्यातून हुबेहूब तोच वाडगा ऐकू आला आणि शेजारची म्हातारी भांडं घेऊन बाहेर आली. सगळी गल्ली हसली. मीही हसलो.

पिल्लू आता आठ महिन्यांचं आहे. मी रागावलेलो नाही. फक्त धाड.

वाट पाहणारा,
वारसितो


सेमारांग,
९ सप्टेंबर २०२३

ति. दादास,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. माझा लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि आतली डिस्कच जळली म्हणून सांगितलं. मुलांचे फोटो गेले, ग्लुदुगही त्यातच गेला. तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

एक चांगली बातमी, तिने तुझं दुःख थोडं हलकं व्हावं. मला कायम केलं. साहेबांनी स्वतः बोलावून कागद हातात दिला. तू बाबांच्या जागी राहून मला शिकवलंस, त्याचं हे फळ. वहिनींसाठी कापड पाठवतो आहे, लेकराचा अपराध पोटात घालावा.

तुझा,
हार्दोनो


क्लातेन,
२२ जानेवारी २०२४

ति. कुस्मिनाताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

लाम्पुंगला पाऊस फार झाला असं ऐकलं. मिरीच्या वेली कशा आहेत? भाओजींचा गुडघा?

ताई, ही गोष्ट सुमिनीशिवाय कुणाला बोललो नाही. तुला लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही.

काल हाजी मुस्लिख मला ओढून बोयोलालीच्या स्पर्धेला घेऊन गेला. माझ्याकडे स्पर्धेत टांगण्याजोगा पक्षी नाही, नुसता बघायला. तरुण शाम्यांचा गट लागला. चाळीसेक पिंजरे रांगेत, माणसं दोरीबाहेरून ओरडतायत. आणि त्या सगळ्या गोंगाटात मला सुमिनीचं मशीन ऐकू आलं. टकटक, टकटक, आणि सातव्या टाक्याला अडखळ. पाठोपाठ ती लांब शीळ. मला वाटलं मला भास होतोय. पण हाजीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. त्यानेही ओळखलं होतं. पंचांनी त्याच पिंजऱ्याखाली झेंडा रोवला.

मालकाला जाऊन भेटलो. पांढरे केस, सभ्य माणूस, नाव प्रायोगो, सेमारांगचे. मी पक्ष्याची तारीफ केली तसे खुलले. म्हणाले, ऑफिसातल्या एका माणसाने मेलेल्या एका जातिवंत पक्ष्याची रेकॉर्डिंगं भेट दिली, गेल्या मे महिन्यात. त्यांनी एकच अट घातली होती, की दुसऱ्या कुणाकडे प्रत राहता कामा नये. नाहीतर गाण्याला किंमत काय! मी त्या माणसाचं नाव विचारलं. त्यांनी आपल्या हार्दोनोचं सांगितलं.

मी त्यांना माझं नाव सांगितलं नाही. अभिनंदन केलं आणि परत आलो. बसमध्ये हाजी काहीबाही बोलत होता, मला शब्द लागत नव्हते.

ताई, त्याने मागितलं असतं तर मी दिलं असतं. नोकरीसाठी हवंय म्हणाला असता, तर साहेबांच्या घरी पिंजरा घेऊन मीच गेलो असतो. त्याने दिलं याचं मला एवढं लागलं नाही. माझ्या पिल्लाचे कान बंद होईपर्यंत त्याने मला टोलवत ठेवलं, हे लागलं.

त्याला मी काही लिहिलेलं नाही. तूही लिहू नकोस.

आशीर्वाद असू दे.
वारसितो


मेत्रो, लाम्पुंग,
५ फेब्रुवारी २०२४

हार्दोनो,

तुझ्या दादाने मला लिहू नकोस म्हणून सांगितलंय, म्हणून लिहिते. सलाम, आशीर्वाद वगैरे आज नाही.

त्याने बोयोलालीला तुझ्या साहेबांचा पक्षी ऐकला. साहेबांशी बोललासुद्धा. मेपासूनचं सगळं त्याला ठाऊक आहे. म्हणजे तुझी ती जळलेली डिस्क आता विझव.

तू सातवीत असताना तुझ्या शाळेच्या बुटांसाठी त्याने आपली सायकल विकली आणि साखर कारखान्यापर्यंत चालत जायला लागला. तुला ते आठवत नसेल. फोनबरोबर डोकंही मोकळं केलं असशील. दादा तुला कधी काही बोलणार नाही. बोलणार नाही हे तुलाही माहीत होतं, म्हणूनच तू हे त्याच्याशी केलंस. माझ्याशी करून बघितलं असतंस!

त्याला खरं लिही.

कुस्मिना


सेमारांग,
१९ फेब्रुवारी २०२४

ति. दादास,
नमस्कार लिहायचीही लाज वाटते, तरी लिहितो.

ताईचं पत्र आलं. डिस्क जळली नव्हती. सोबत कार्ड आहे. त्यात तुझ्या फोनमधून घेतलेलं सगळं आहे, एकही कमी नाही. साहेबांना दिलेला शब्द मी मोडतो आहे. कळलं तर काय होईल ते होवो.

एवढंच मान, की ती रेकॉर्डिंगं मी खरोखर तुझ्या फोनमध्ये जागा व्हावी म्हणूनच घेतली होती. तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. इथे परतल्यावर साहेब सहज शाम्यांचा विषय बोलले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मग अट आली, मग एक खोटं झाकायला दुसरं. अकरा वर्षं तात्पुरता राहिलेल्या माणसाचं काय होतं, ते तुला सांगता येणार नाही. मोहात पडलो, पण ठरवून केलं नाही.

मुलं तुझी आठवण काढतात. ईदला येऊ का?

हार्दोनो


क्लातेन,
१० मार्च २०२४

चि. हार्दोनो यास,
वि. वि.

कार्ड पोचलं. हाजीच्या मुलीने ते फोनमध्ये घालून दिलं. ग्लुदुग पुन्हा या ओट्यावर गायला. सुमिनी मशीन थांबवून बाहेर आली आणि उंबऱ्यात बसली. दोन आठवडे पिल्लाला रोज ऐकवलं. ते ऐकतं, पंख झटकतं आणि वाडगा वाजवतं. आता तेच त्याचं गाणं. त्याला मी बोल लावत नाही.

सगळं आहे, एकही कमी नाही, असं तू लिहिलंस ते खरं आहे. शेवटचं एक रेकॉर्डिंग गेल्या ईदच्या सकाळचं निघालं. तू ते ऐकलेलं दिसत नाही. त्या दिवशी पिल्लाची पहिली गुणगुण धरायला मी हाजीच्या मुलीकडून दोन व्हिडिओ पुसवून थोडी जागा केली, फोन दारातल्या पिंजऱ्याला टांगला आणि पाहुण्यांच्या गडबडीत बंद करायचा विसरलो. फोनमध्ये जेवढी जागा उरली होती तेवढा वेळ तो ऐकत राहिला.

आधी नुसतं पिल्लू आहे. मग ओट्यावर तुझा आवाज येतो. तू साहेबांशी बोलतोयस. म्हणतोयस की गाणी सगळी दादाच्या फोनमध्येच आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. फोन भरलाय म्हणून तो स्वतःच मला रिकामा करून मागतोय. दोन दिवसांत घेऊन येतो, म्हाताऱ्याला यातलं काही कळत नाही. मग तू हसतोस.

त्यानंतर खुर्च्या सरकल्याचा आवाज. सुमिनी सगळ्यांना हाक मारते. तू आत येतोस, माझ्या पायाशी बसतोस आणि वर्षभरातल्या उघड्या आणि मनातल्या चुकांची माफी मागतोस, दर ईदला मागतोस तशी. मी म्हणतो, सगळं माफ, बाळा, सगळं माफ. तिथे फोनमधली जागा संपली. पुढे काही नाही.

हे मी तुझ्या वहिनीला ऐकवलं नाही, ताईला लिहिलं नाही.

ईदला ये. मुलांना आण, ती माझी आहेत. सुमिनी ओपोर करील. पण पायाशी बसशील तेव्हा ते पाठ केलेलं वाक्य म्हणू नकोस. काय केलंस, कधी ठरवलंस, कुणाला काय म्हणालास, ते माझ्याकडे बघून सांग. त्यानंतर माझा हात तुझ्या डोक्यावर जातो का, ते मलाही तेव्हाच कळेल.

प्रवास जपून कर.
वारसितो