ह्यो आवाज ह्यांचा न्हाई

प्रिय धोंडूआबा,

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि पत्र लिहितोय मेलेल्या माणसाला! हसा खुशाल. पण काल तुमची सखूबाई डोळ्यांत औषध घालायला दवाखान्यात आली होती. जाताना दारात थबकली. "डाक्तर, खरं सांगा. त्या दिशी ह्यांच्या तोंडून कोन बोलत हुतं?"

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आबा. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मळवलीच्या बांबूच्या बेटात तुम्ही घसरलात आणि तोडलेला खुंट मानेत घुसला. भावकीने जखमेत रक्त थांबवणारा दगडीपाला चेचून गच्च भरला, भरदुपारी तुम्हाला लोणावळ्याला माझ्याकडे आणलं. रक्त थांबलेलं, नाडी ठीक. बोलतही होतात, जरा घोगरं.

चाकू उकळून तयार होता. मान उघडायची की थांबायचं? उघडली आणि मिटलेली शीर फुटली तर? मी कचरलो. ठरवलं, चारच्या गाडीने पुण्याला पाठवू.

तेवढ्यात सखूबाई किंचाळली, "ह्यो आवाज ह्यांचा न्हाई! दुसरंच कुनी बोलतंय!" भावकी मागे सरली. कुणीतरी अंगारा काढला. मी खेकसलो, "अडाणीपणा बंद करा!"

आबा, त्या खोलीत एकटी तीच बरोबर होती! पाल्याखाली रक्त आत साठत होतं, गळा आवळत होतं, म्हणून आवाज बदलला होता. चाकू उचलायची खूण तीच. मी तुम्हाला आधी कधी ऐकलंच नव्हतं, आणि जिने जन्मभर ऐकलं तिला वेड्यात काढलं. तुमचा श्वास अडकल्यावर चाकू उचलला. उशीर झाला होता.

खरा आवाज कसा होता हो तुमचा? मला अजून तो घोगराच ऐकू येतो. दुपारी दवाखाना रिकामा असला की, तुम्हाला निजवलं होतं त्या टेबलाच्या बाजूने.

आणि शेवटी तुम्ही तरी तसं का म्हणालात? "अगं, हात दे की." सखूबाईने हात पदराखाली घेतला. भुताला कोण हात देईल?

म्हणून काल तिला टाळलं. खरं कळलं तर तिला हेही कळेल, की हात नाकारला तो तुम्हाला. पण संशय तिला आहेच. नाहीतर विचारलं असतं का?

उद्या मळवलीला येतो. सांगेन, "सखूबाई, ते आबाच होते. भिऊ नको, एवढं मी तेव्हा म्हणायला हवं होतं." शिव्या देईल, ऐकून घेईन. पण मरताना नवऱ्याने तिलाच हाक मारली होती, ती हाक तिची आहे. मी ती दाबून ठेवणार नाही.

तुमचा अपराधी,
लोणावळ्याचा डॉक्टर